आबांचं पातेलं

लखनऊच्या चौकात सराफ्यामागच्या बोळात गाडी शिरत नाही. सामान हातात आणि डोक्यावर घेऊन गोल दरवाज्यापर्यंत चालत यावं लागतं. पंधरा ऑगस्टचा शुक्रवार, त्याला लागून शनिवारची गोकुळाष्टमी आणि मग रविवार अशी जोडसुट्टी आली होती. झेंडावंदन उरकून निघायचं ठरलं. निघायला दुपारचा एक वाजला. सामानात पाच किलो ज्वारीचं पीठ होतं, लोखंडी तवा होता, दोन मच्छरदाण्या, एक ताडपत्री, बादली, डासांच्या उदबत्त्या आणि सुंठवड्याचा डबा होता. माझ्या मित्राचे वडील, आबा, पुढच्या सीटवर बसले आणि त्यांनी मांडीवर एक जुनं पितळी पातेलं घेतलं. मी ते मागे ठेवायला हात पुढे केला, तर मित्राची बायको, वहिनी, हसून म्हणाल्या, "राहू दे भावजी, ते स्वयंपाकाचं नव्हं."

ठाकूरगंज सोडेपर्यंत पाऊस लागला. सुरुवातीला काच पुसावी इतका होता, मग वायपरलाही आवरेना. जायचं होतं पंचवीस किलोमीटरवर मलिहाबादच्या अलीकडे, या कुटुंबाच्या आंब्याच्या बागेतल्या दोन खोल्यांत. एवढ्याशा अंतराला रोड ट्रिप म्हणायची लाज वाटावी, पण दुबग्ग्याच्या चौकात गुडघाभर पाण्यात तीन ई-रिक्षा, एक ट्रॅक्टर आणि एक म्हैस यांच्यामागे आम्ही पाऊण तास उभे होतो, तेव्हा ती लाज निघून गेली.

लखनऊ आणि मराठी माणूस असं म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा भातखंडे आठवतात. विष्णु नारायण भातखंड्यांनी 1926 साली इथं संगीत महाविद्यालय उभं केलं, त्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर तिथं दीर्घकाळ प्राचार्य होते, आणि आज तेच महाविद्यालय कैसरबागेत भातखंड्यांच्या नावानं विद्यापीठ म्हणून उभं आहे. हे लखनऊचे प्रतिष्ठित मराठी. दुसरे मराठी चौकात राहतात, आणि त्यांच्यावर लेख लिहिले जात नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतून देशभरच्या सराफ बाजारांत गेलेले हे गलाईवाले. काश्मीरपासून केरळपर्यंत जिथं सोन्याची पेठ आहे तिथं एका अंधाऱ्या जिन्यावर भट्टी लावून विट्याकडचा एखादा माणूस बसलेला सापडतो. जुने दागिने, सोनाराच्या कामाचा चुरा, दुकानाची झाडलेली मातीसुद्धा त्याच्याकडे येते. मुशीत सवागी टाकून ते वितळवायचं. मग एक भाग सोन्यात साधारण तीन भाग चांदी मिसळून पुन्हा वितळवायचं, आणि तो रवा शोऱ्याच्या तेजाबात उकळायचा. चांदी-तांबं तेजाबात विरघळतं आणि तळाशी तपकिरी माती राहते. कुणी सांगितलं नाही तर ती माती फेकून द्याल. तेच शुद्ध सोनं. वितळवलं की त्याला पिवळेपणा येतो. चांदी इतकी का मिसळायची? सोनं जास्त असलं तर ते आतल्या चांदीला झाकून धरतं, तेजाब आतपर्यंत पोचत नाही.

माझा मित्र आणि मी सांगलीला कॉलेजात एका खोलीत राहत होतो. बी.कॉम. झाल्यावर तो वडिलांच्या भट्टीवर परत आला तो आलाच. त्याच्या बोलण्यात खानापूर आणि लखनऊ एकाच वाक्यात नांदतात. "मर्दा, आप बैठिए तो सही," असं तो मला सहज म्हणतो.

दुबग्ग्याच्या पुढे रस्ता मोकळा झाला. उजवीकडे फळबाजार, त्याच्या फाटकापाशी ओल्या पेट्यांचे ढीग. मग शहराभोवती वळसा घालणारा किसान पथ, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटिंगच्या पाट्या. 'आम के बाग़ में अपना घर' असं एका पाटीवर लिहिलेलं होतं, आणि पाटीच्या मागे तोडलेल्या आंब्यांचे बुंधे रांगेनं दिसत होते. मलिहाबादच्या पट्ट्यात हे आता रोजचं झालं आहे. पलीकडे अटारीला हजार एकरांवर कापड उद्योगाचा पीएम मित्र पार्क येतोय. जमिनीचा भाव कळला की आंब्याचा भाव कुणी विचारत नाही.

काकोरीच्या फाट्यावर मित्रानं गाडी हळू केली. हरदोईकडून येणारी रेल्वे इथं रस्त्याला सोबत करते. 9 ऑगस्ट 1925 ला याच मार्गावर काकोरी आणि आलमनगरच्या दरम्यान सहारनपूर-लखनऊ पॅसेंजर साखळी ओढून थांबवली गेली आणि सरकारी तिजोरी फोडली गेली. रामप्रसाद बिस्मिल, अशफाकुल्ला खान, राजेंद्रनाथ लाहिरी आणि रोशन सिंह यांना डिसेंबर 1927 मध्ये फाशी झाली. आम्ही गेलो त्याच्या आठवडाभर आधीच त्या घटनेला शंभर वर्षं पुरी झाली होती, आणि खांबांवरची कापडी तोरणं पावसानं लोंबत होती. या खटल्यात एक नाव विदर्भाचं आहे हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. रामकृष्ण खत्री बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखलीचे. मराठी उत्तम येत असल्यामुळे मध्य प्रांतात क्रांतिकारकांची संघटना वाढवायचं काम त्यांच्याकडे आलं. खटल्यात दहा वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर ते लखनऊतच राहिले आणि 1996 मध्ये तिथंच गेले. आबांनी त्यांना एकदा एका सभेत लांबून पाहिलं होतं. "आपल्या भाषेतलं हाय म्हनून कुनी सांगितलं असतं तर जाऊन बोललो असतो," ते म्हणाले, आणि पातेलं दुसऱ्या मांडीवर घेतलं.

रहमानखेड्याला केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेचं मोठं आवार लागतं. 1972 साली आंबा संशोधन केंद्र म्हणून ती सुरू झाली. मित्राच्या बागेतली दोन झाडं तिथल्या तज्ज्ञांच्या सांगण्यावरून अर्ध्यावर छाटली होती. चाळीसेक वर्षांनी आंब्याचा घेर इतका दाट होतो की आत ऊन जात नाही आणि मोहोर फक्त वरच्या टोकांना येतो. छाटणीनंतर दोन-तीन वर्षं उत्पन्न नाही, पण झाड पुन्हा तरुण होतं. लोकांना मात्र रहमानखेडा आठवतो तो वाघासाठी. डिसेंबर 2024 पासून मार्चपर्यंत या संस्थेच्या जंगलात एक वाघ मुक्कामाला होता. गुरं मारत होता, वन खात्याला झुलवत होता. 5 मार्च 2025 ला तो बेशुद्ध करून पकडला गेला. 2012 मध्येही असाच एक वाघ इथं येऊन राहिला होता. मला ही माहिती वहिनींनी नेमकी त्या क्षणी दिली जेव्हा आम्ही डांबरी रस्ता सोडून चिखलात वळलो.

घर म्हणजे काय, तर विटांच्या दोन खोल्या, पुढे पडवी आणि वर खापरेल, म्हणजे हातानं वळवलेली अर्धगोल कौलं. मागं हातपंप. एकोणीस आंबे, दोन जांभळं, एक फणस. पडवीसमोर विटांचं तुळशी वृंदावन, जे या सगळ्या पट्ट्यात एकमेव असावं. आधी हे घर म्हणजे बाग राखणाऱ्याची कोठी होती. मोहोर आला की बागेचा व्यवहार ठेकेदाराशी व्हायचा, आणि मग फळ उतरेपर्यंत गोफण आणि डबे वाजवत माणसं इथं राहायची. आबांनी वीसेक वर्षांपूर्वी ती घेतली तेव्हा चौकातल्या मराठी मंडळींनी त्यांना वेड्यात काढलं. गलाईवाला पैसे साठवतो ते गावाकडे बंगला बांधायला. विट्याकडे त्या बंगल्यांच्या ओळी आहेत. बरेचसे वर्षातले अकरा महिने कुलपात असतात. आबांनी गावाकडे काहीच बांधलं नाही. त्यांनी लखनऊबाहेर गळकं घर घेतलं.

गळकं हा शब्द मी जपून वापरत नाही. आम्ही पडवीत पाय ठेवला तेव्हा आतल्या खोलीत तीन ठिकाणी धार लागली होती. माकडं कौलं सरकवतात, त्यामुळे दर पावसाळ्यात ती नव्यानं बसवावी लागतात. वहिनींनी बादली आणि परात लावली. तिसऱ्या धारेला भांडं नव्हतं. त्यांनी सहज पातेल्याकडे हात केला.

"त्ये न्हाई," आबा म्हणाले. "त्ये पावसाचं हाय, गळतीचं न्हाई."

मग ते छत्री घेऊन अंगणात गेले, झाडांच्या फांद्यांपासून लांब एका सपाट विटेवर पातेलं ठेवलं, आणि परत येऊन खुर्चीत बसले. चहा होईपर्यंत त्यांची नजर तिकडून हलली नाही.

ते पाऊस मोजतात. पातेल्यात बोट बुडवून किती पेरं भिजली ते बघायचं आणि लाल कापडी बांधणीच्या चोपडीत तारखेपुढे लिहायचं. हवामान खातं रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतं. आबा सकाळच्या चहानंतर मोजतात, ते जवळपास तेवढ्यालाच. पातेल्याच्या कडा वर पसरट आहेत, त्यामुळे त्यांचं माप खात्याच्या मापापेक्षा जास्तच भरणार. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "भरू दे की."

लखनऊला वर्षाला साधारण नऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आटपाडी-खानापूरकडे पाचशेच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. माणदेशाचा हा कोरडेपणा मराठी वाचकाला व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'नं 1955 साली दाखवला. दुष्काळात गाव रिकामं होतं आणि कादंबरी संपते. रिकामी झालेली ती माणसं गेली कुठं, हा प्रश्न मला आबांना भेटेपर्यंत पडला नव्हता. माडगूळकरांचं माडगुळं आटपाडी तालुक्यात, आबांचं गाव तिथून फार लांब नाही.

ते एकोणीस वर्षांचे होते, 1972 साली. सलग दुसरं-तिसरं वर्ष कोरडं गेलेलं. सबंध घर दुष्काळी कामावर, रस्त्याची खडी फोडायला. मजुरीबरोबर सुकडी मिळायची आणि रेशनवर लाल मिलो. मिलोची भाकरी थापता येत नसे, तुकडे पडत. "जनावर छावणीत ऱ्हायलं, आमी भाईर पडलो," आबा म्हणाले. एका चुलत्याची चौकात भट्टी होती. त्यानं कार्ड टाकलं: पोरगं पाठव. आबा गडी म्हणून आले. भट्टी फुंकायची, मुशी साफ करायच्या, रात्री त्याच माडीवर झोपायचं. पगार नाही, जेवण आणि वर्षाला दोन कपडे. काम यायला लागलं की चुलता भांडवल देणार आणि वेगळी भट्टी घालून देणार, हा या धंद्याचा अलिखित करार. तो बहुतेकांनी पाळला आणि म्हणूनच एका तालुक्यातली माणसं देशभर पसरली. शिकाऊ पोराची ती वर्षं कशी जातात हे मात्र गावाकडच्या बंगल्यांवर लिहिलेलं नसतं.

जून 1973 मध्ये लखनऊला पहिला पाऊस पडला तेव्हा आबा गच्चीवर गेले. "पानी पन्हाळीतनं वाया जाताना बघितलं आन् रडू आलं. वाटलं, हे गोळा करून पाठवावं." भट्टीतलंच एक पातेलं त्यांनी गच्चीवर ठेवलं. तेच हे.

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी ही गोष्ट पन्नास वेळा ऐकली असणार. त्या अळूच्या पानांना उडदाच्या वाटलेल्या डाळीचं लेपण लावत होत्या. इथं याला रिकवंच म्हणतात. आपल्या अळूवडीला चिंच-गुळाचं बेसन, इकडे उडीद, लसूण आणि मिरची, बाकी वळकटी तीच. शेजारच्या बागेच्या राखणदाराची बायको त्यांना ही कृती शिकवून गेली आणि भाकरी शिकून गेली. चूल पडवीच्या कोपऱ्यात. ओल्या आंब्याच्या काटक्यांचा धूर इतका की डासांच्या उदबत्त्या लावायची गरज पडली नाही. ज्वारीचं पीठ विट्याहून आलेलं, कल्याणला पुष्पक एक्सप्रेसमध्ये चढवून दिलेलं. रिकवंच, भाकरी, लसणाची चटणी. अष्टमीच्या आदल्या रात्रीची ही पंगत उपासाच्या हिशेबात बसत नव्हती, पण उपास उद्याचा होता.

वीज नऊला गेली ती सकाळी आली. खापरेलीवर पाऊस वाजतो तो पत्र्यासारखा कर्कश नसतो. बारीक, मातकट आवाज असतो, मध्येच एखादं सरकलेलं कौल खटकन बसतं. रात्री दोनदा मी वाघासाठी उठलो. एकदा म्हैस होती. दुसऱ्यांदा आबा होते, विजेरी घेऊन पातेलं बघायला आलेले.

सकाळी शेजारचे चाचा आले. सत्तरी ओलांडलेले, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, खांद्यावर पोतं. पोत्यात चौसा. दसहरी जूनच्या मध्याला सुरू होतो आणि जुलैत संपतो. चौसा मागाहून येतो, ऑगस्टपर्यंत पुरतो. 1539 मध्ये शेरशहानं चौसाच्या लढाईत हुमायूनला हरवलं आणि आवडत्या आंब्याला ते नाव दिलं अशी गोष्ट सांगतात. लढाई खरी आहे, आंब्याचं ज्यानं त्यानं ठरवावं. बादलीत गार पाण्यात तासभर टाकायचा, बोटांनी मऊ करायचा, देठ काढून चोखायचा. आपल्याकडे रायवळ असाच खातात. चाचांना रायवळ म्हणजे काय ते विचारल्यावर ते म्हणाले, "अच्छा, तुख़्मी." कोयीपासून उगवलेला तो तुख़्मी, बांधलेला तो कलमी. आपला शब्द रायवळ आणि कलमी. अर्धा शब्द तरी एकच निघाला.

चाचांना पाऊस नको होता. "चौसा पानी पी जाता है, फिर मक्खी लगती है," ते म्हणाले. फळमाशी पिकत आलेल्या फळात अंडी घालते आणि पावसाळी दमट हवेत तिचा जोर वाढतो. झाडाखाली पडलेला निम्मा माल किड्याचा होता. पण त्याच पावसात त्यांचं दुसरं काम चालू होतं. कलमं बांधायचा हाच काळ. हवेत ओल असते, डोळा सुकत नाही. त्यांनी खुंटाची साल तिरकी तासली, दसहरीची काडी तशीच कापून त्यावर बसवली आणि प्लास्टिकच्या पट्टीनं गुंडाळली. मी घड्याळ लावलं होतं. दीड मिनिट. महिन्याभरात कळतं धरलं की नाही.

या पट्ट्यातल्या सगळ्या दसहरीचं मूळ काकोरीजवळच्या दसहरी गावातल्या एका झाडाशी जातं. ते अजून उभं आहे, शेकडो वर्षांचं म्हणतात, आणि फळतंही. नवाबाच्या काळात त्याच्या फळांवर जाळी टाकत, कोय बाहेर जाऊ नये म्हणून, असं चाचा सांगतात. मलिहाबादच्या आफ्रिदी पठाणांनी मोठ्या बागा उभ्या केल्या. कवी जोश मलिहाबादी त्यांच्यातलेच. मलिहाबादी दसहरीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या हापूसला ते 2018 पर्यंत मिळालं नव्हतं. चाचांना मी हे सांगितलं नाही. हापूसचं नाव काढल्यावर ते नम्रपणे हसले होते, आणि लखनऊत नम्र हसण्याचा अर्थ मला आता कळतो. नातं मात्र आहे. दसहरी आणि दक्षिणेतला नीलम यांच्या संकरातून दिल्लीत आम्रपाली आणि मल्लिका तयार झाल्या. आपल्या कोकण कृषी विद्यापीठानं नीलम आणि हापूस यांच्यापासून रत्ना काढला. म्हणजे नीलमकडून दोन्ही घराणी सोयरी लागतात.

मलिहाबादमध्येच हाजी कलीमुल्लाह खान यांची रोपवाटिका आहे. त्यांना 2008 साली पद्मश्री मिळाली. सव्वाशे वर्षांच्या एका झाडावर त्यांनी तीनशेहून अधिक जाती बांधल्या आहेत, काहींना सचिन, ऐश्वर्या अशी नावं दिली आहेत. पोरवयात त्यांनी एका झाडावर सात जाती बांधल्या होत्या. ते झाड वादळात पडलं. त्यांनी 1987 मध्ये हे दुसरं हाती घेतलं. आम्हाला ते बघायला जायचं होतं. कच्चा रस्ता दुपारपर्यंत वाहून गेला आणि गाडी जिथं होती तिथंच राहिली. खरं सांगायचं तर मला फारसं वाईट वाटलं नाही. पडवीत बसून पाऊस बघण्याची सवय लागायला एक दिवस पुरतो.

मित्रही गप्प बसला होता. चौकात तो गप्प बसत नाही. मध्येच म्हणाला, "हितं नाकाला वास येतो बघ." मला वाटलं मातीचा म्हणतोय. तो म्हणाला, कसलाही. तेजाबाच्या वाफेत तीस वर्षं काढल्यावर घरी वरण करपलं तरी त्याला वहिनी सांगतात तेव्हा कळतं. इथं दोन दिवस राहिलं की हळूहळू येतं. त्यानं चाचांनी कापलेल्या खुंटाची साल उचलून नाकाशी धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

रात्री बारा वाजता मलिहाबादच्या पोलिस ठाण्यातून जन्माष्टमीचा लाउडस्पीकर ऐकू आला. उत्तर प्रदेशात कृष्णजन्म पोलिस ठाण्यांत थाटानं होतो, कारागृहात जन्मला म्हणून असेल. वहिनींनी वृंदावनापुढे पाळणा हलवला आणि सुंठवडा वाटला. पातेलं तोपर्यंत काठाशी आलं होतं.

रविवारी सकाळी पाऊस उघडला. ट्रॅक्टरवाला गाडी ओढून द्यायला तयार झाला. निघायच्या आधी आबांनी नेहमीप्रमाणे गावी धाकट्या भावाला फोन लावला. वाफेनं कान गेलेत असं म्हणतात, त्यामुळे स्पीकरवर.

"पाऊस?"

"लई झाला दादा. मे पासनं थांबंना. टेंभूचं पानी हायच, त्यात ह्यो. डाळिंबाला तेल्या आलाय, फवारून फवारून दमलो. आता चार दिस नगंच पाऊस."

टेंभू योजनेचं पाणी पोचल्यापासून आटपाडी-खानापूरच्या माळावर डाळिंबाच्या बागा आहेत. डाळिंबाला कोरडी हवा लागते. सलग पाऊस लागला की तेल्या रोगाचे डाग फळावर उठतात, फळ तडकतं, माल जातो. हे सगळं आबांना माहीत होतं, मित्रानं त्यांना ते वर्तमानपत्रातून वाचूनही दाखवलं होतं. तरी ते फोनकडे बघत राहिले.

"काय म्हनलास?"

"नगं म्हनलं पाऊस."

फोन बंद झाल्यावर कुणी काही बोललं नाही. बाहेर ट्रॅक्टरची साखळी लावायचं चाललं होतं. आबांनी चोपडी उघडली, तारीख लिहिली, पेरं लिहिली. मग अंगणात जाऊन पातेल्यातलं पाणी जांभळाच्या मुळाशी ओतलं आणि पातेलं घेऊन आत गेले. पुन्हा आभाळ भरून येत होतं. आतल्या खोलीतून वहिनींचा आवाज आला, "आबा, हे हितं कशाला ठेवलं?" मी डोकावलो. तिसऱ्या धारेखाली, जमिनीवरच्या ओल्या वर्तुळात, त्यांनी ते नीट मध्यावर ठेवलं होतं.